शहरात ट्राम टाकणं परवडतं का?

अनिरुद्ध_क
कॅन्सस सिटी आणि वॉशिंग्टन, दोन्हीकडे २०१६ मध्ये ट्राम सुरू झाली. दोन्ही मार्ग साधारण साडेतीन किलोमीटरचे, दोन्ही फुकट. कॅन्सस सिटीने २०२५ मध्ये मार्ग दक्षिणेला विद्यापीठापर्यंत वाढवला. वॉशिंग्टनने त्याच वर्षी ट्राम गुंडाळायचं ठरवलं. असं का? शहराने रुळांत पैसा घालावा की सरळ बस वाढवाव्यात?

चाकोरी
मार्गाची टोकं बघा. कॅन्सस सिटीची ट्राम मेन स्ट्रीटने नाकासमोर जाते: रिव्हर मार्केट, डाउनटाउन, युनियन स्टेशन. वॉशिंग्टनची ट्राम तिथल्या युनियन स्टेशनच्या मागे पुलावर सोडायची, तिथून पार्किंगच्या इमारतीतून चालत मेट्रो गाठायची. ट्राम ज्या एच स्ट्रीटवरून धावायची, त्याच रस्त्यावरची एक्स२ बस मात्र थेट डाउनटाउनात जायची. मग तिकीट नसलं तरी लोक ट्रामसाठी कशाला थांबतील?

शिवाय वॉशिंग्टनमध्ये रूळ पार्किंगला खेटून होते. एखादी गाडी पांढऱ्या रेषेबाहेर वीतभर राहिली तरी ट्राम जागीच अडते. बस वळसा घालून निघते. ट्रामला टोइंगवाला येईपर्यंत थांबावं लागतं, आणि मागच्या ट्रामही खोळंबतात. डेट्रॉइटच्या क्यू-लाइन ट्रामलाही हेच भोवलं. नवे रूळ टाकायचेच तर रस्त्याच्या मधोमध.

रेखा_नगररचना
जुन्या रुळांवरही सुधारणा होते. टोरांटोच्या किंग स्ट्रीटवर नोव्हेंबर २०१७ पासून बाथर्स्ट ते जार्व्हिस, २.६ किमीच्या पट्ट्यात, मोटारींना बहुतेक चौकांत सरळ जायला मनाई केली, उजवीकडे वळायचं. रूळ तेच, पण रोजचे प्रवासी ७२,००० वरून ८४,००० झाले. प्रयोगाचा खर्च १५ लाख डॉलर.

बसचं म्हणाल, तर १२ मीटरच्या बसमध्ये सत्तरएक माणसं मावतात, ३० मीटरच्या ट्राममध्ये दोनशेच्या आसपास. चालक दोन्हीकडे एकच. दर दोन-तीन मिनिटांनी बस सोडूनही गर्दी उरत असेल आणि बसगाड्या एकमेकींच्या पाठोपाठ येत असतील, तिथेच ट्रामचा विचार करावा. बाकी ठिकाणी आधी बसलाच स्वतंत्र मार्गिका द्या.

भूमिगत
खरा खर्च जमिनीखाली होतो. रुळांखाली काँक्रीटचा सलग स्लॅब असतो. त्याखालची पाण्याची किंवा गॅसची लाइन फुटली तर ट्राम बंद ठेवून खणावं लागतं, म्हणून या लाइन आधीच बाजूला घेतात. नकाशात एक पाइप असतो, खणल्यावर चार निघतात. एडिनबरोत ५४५ दशलक्ष पौंडांचा अंदाज ७७६ वर गेला, तोही मार्ग कापून १४ किमीवर आणल्यावर. पुढे न्यूहेवनपर्यंत मार्ग नेताना (जून २०२३) रस्ता एकदाच बंद केला आणि पाइप, स्लॅब, रूळ सगळं उरकूनच खुला केला. तोच क्रम बरोबर.

रुळाभोवतीच्या रबरी आवरणावर कंजुषी करू नये. ते फाटलं की रुळांतून परत जाणारा विजेचा (डीसी) प्रवाह जमिनीत झिरपतो आणि शेजारचे लोखंडी पाइप गंजतात. हा दोष दिसायला काही वर्षं जातात, तोवर हमीची मुदत संपलेली असते.

अनिरुद्ध_क
ट्राममुळे वस्ती वाढते म्हणून पोर्टलंडचं उदाहरण देतात, ते?

रेखा_नगररचना
ते अर्धंच सांगतात. पर्ल डिस्ट्रिक्टमध्ये शहराने १९९७ मध्ये विकासकाशी लेखी करार केला होता. एकरी १५ घरांची किमान अट होती; लव्हजॉय पूल पाडला की ८७, ट्राम आली की १०९, बाग झाली की १३१. करार नसता तर वाढलेला भाव जमीनमालकाच्या खिशात आणि कर्ज शहराच्या डोक्यावर. कॅन्सस सिटीनेही मार्गालगतच्या पट्ट्यातच जादा विक्रीकर आणि मालमत्तांवर आकार लावला. ज्याला फायदा, त्याच्याकडून वसुली. हे मतदानाने आधी मंजूर करून घ्यायचं, रूळ टाकल्यावर कोणी तयार होत नाही.