डहाणूचे धक्के आणि आमची वडोदऱ्याची इमारत

रावपुराकर: माहेर डहाणूजवळ तलासरीला. तिकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या छोट्या धक्क्यांची रांग लागली होती. यातून मोठा येतो का? इथे आमच्या इमारतीत खाली पार्किंग, वर चार मजले.

खडकवेडा: अशा मालिका बहुतेकदा विरून जातात, पण खात्री कुणीच देऊ शकत नाही. ‘छोट्यांनी ताण निघून जातो’ ही मात्र भाबडी समजूत. रिश्टर मापात एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट. ५ च्या एका धक्क्याएवढी ऊर्जा निघायला ३ चे हजारभर लागतील. तारीख सांगणारे मेसेज सरळ उडवा. तुम्हाला भरूच जवळचं, तिथे मार्च १९७० मध्ये भूकंप झालाच होता.

दांडियाबाजार: खरी काळजी पार्किंगची. वर भिंतींमुळे मजले ताठ, खाली नुसते खांब. सगळं वाकणं तिथेच होतं. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत अशाच इमारती बसल्या. खांबाच्या टोकाशी तिरकी भेग किंवा गंजकी सळई दिसली तर प्लास्टरने झाकू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. लोखंडी कपाट एल-अँगलने भिंतीला बांधा. बोल्ट विटेत जायला हवा, नुसत्या प्लास्टरमधला उपटून येतो.

रावपुराकर: गच्चीवरची हजार लिटरची टाकी?

दांडियाबाजार: भरली की टनभर वजन. कठड्यापासून लांब, बीमवर घ्या.