३.१ टक्के गेले कुठे?

घोडबंदरी
सोसायटीच्या ग्रुपवरची पोस्ट फिरत फिरत इथेही आली, म्हणून सविस्तर लिहितो. पोस्ट अशी: '२०२४ वायआर४ हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ला आदळण्याची शक्यता ३.१ टक्के होती, आपला भाग जोखमीच्या पट्ट्यात होता. मग आठवड्याभरात आकडा शून्यावर आणला. म्हणजे दडपलं. पृथ्वीच संपणार, तर रिडेव्हलपमेंटच्या सह्या कशाला?'

सह्या करा. आकडा कुणी दाबलेला नाही, तो वागतोच असा. नव्या लघुग्रहाची कक्षा मोजक्या रात्रींच्या नोंदींवरून काढतात. त्यामुळे २०३२च्या त्या दिवशी तो कुठे असेल, याचं उत्तर म्हणजे एक लांबलचक पट्टी असते आणि १२,७४२ किलोमीटर व्यासाची पृथ्वी तिच्यात कुठेतरी सापडते. नोंदी वाढल्या की पट्टी आखडते. पृथ्वी अजून आतच असेल तर तिचा वाटा वाढतो, टक्केवारी चढते. पट्टीचं टोक पृथ्वीवरून सरकलं की आकडा धाडकन खाली. १८ फेब्रुवारी २०२५ला ३.१, १९ला १.५, २०ला ०.२८, मग ०.००४. डिसेंबर २००४मध्ये अपोफिस हा लघुग्रहही २.७ टक्क्यांवर गेला होता. त्याच वर्षीच्या मार्चमधल्या जुन्या छायाचित्रांत तो सापडला आणि २०२९ची धडक निकालात निघाली.

आणि वायआर४सारख्या ६० मीटरच्या दगडाने पृथ्वी संपत नाही हो. १० किलोमीटरच्या दगडाने डायनोसॉर संपले, पृथ्वी तेव्हाही जागेवरच होती.

बेलापूर_जागा
गणित बरोबर, पण ही निश्चिंती कुठून आली? पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांपैकी १ किलोमीटरच्या वरचे ९५ टक्के सापडलेत, मान्य. १४० मीटरच्या वरचे निम्मेही नाहीत. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला जेमतेम २० मीटरचा होता आणि सूर्याच्या बाजूने आला, म्हणून कुणालाच आधी दिसला नाही. सुमारे १,५०० जखमी, बहुतेक काचांनी. आधी लखलखाट झाला, लोक बघायला खिडकीशी गेले आणि मग धक्का आला. स्फोट ३० किलोमीटर उंचीवर, आवाजाला किलोमीटरला ३ सेकंद. म्हणजे डोक्यावर फुटला तरी दीड मिनिट, तिरका असेल तर आणखी.

आता बेलापूर, वाशीच्या काचेच्या इमारती आठवा. साध्या काचेच्या सुऱ्या होतात, टफन्डची खडी होते, लॅमिनेटेड तडकली तरी मधल्या थराला चिकटून राहते. लखलखाट दिसला की मोबाइल काढून खिडकीशी जायचं नाही. आतल्या भिंतीआड बसायचं, निदान ५ मिनिटं.

पारसिकचा_पाषाण
'दगडाने डायनोसॉर संपले' हे किती सहज लिहून मोकळे झालात! तुम्ही राहता तो अख्खा पट्टा ज्या लाव्ह्यावर उभा आहे, त्याचं नावही नाही. दख्खनचा ज्वालामुखी त्याच काळात, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, लाखो वर्षं गंधकवायू ओकत होता. पनवेलजवळ त्या लाव्ह्याचे थर पश्चिमेकडे कललेले आहेत, जरा डोळे उघडून बघा. आकाशातून काही पडलं की बातमी, पायाखालून आलं की दगडखाणीचा माल.

घोडबंदरी
@पाषाण, डोळे उघडेच आहेत. डायनोसॉर संपले त्या काळच्या थरात जगभर इरिडियम (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, लघुग्रहांत जास्त असणारा धातू) आणि आघाताने रेषाळलेलं क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचं खनिज सापडतं. तसलं क्वार्ट्झ लाव्ह्यातून तयार होऊन दाखवा. शिवाय मेक्सिकोत चिक्सुलुबला १८० किलोमीटरचं विवर आहे. ते काय उंदरांनी पोखरलं?

पारसिकचा_पाषाण
उंदीर तुमच्या वाचनात शिरलेत. आघात झालाच नाही असं कुणी म्हटलं? प्रश्न आहे की जीवसृष्टी आधीच खिळखिळी झाली होती का. २०१९मध्ये दोन गटांनी आपल्याच सह्याद्रीच्या खडकांची वयं काढली. एकाच्या मते लाव्ह्याचा मोठा लोंढा आघाताच्या थोडा आधी आला, दुसऱ्याच्या मते तीन-चतुर्थांश लाव्हा नंतरचा. हे न सांगता निकाल लावायचा याला विज्ञान म्हणत नाहीत.

घोडबंदरी
म्हणजे तीन-चतुर्थांश नंतरचा असेल, तर तुमची 'आधीच खिळखिळी' गेली की खड्ड्यात! धन्यवाद, माझं काम तुम्हीच केलंत.

पारसिकचा_पाषाण
'असेल तर'. सोयीचा अर्धा भाग उचलायची सवय जुनी दिसते.

खाडीकाठ
अवांतर आवरा. (तरी एक भर: आपल्या बेसॉल्टवरच, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या खडकावरच, दगड पडल्याचा पुरावा हवा तर लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, तिथे आघाताने झालेली काच मिळते. दोघांनी एकत्र जा.)

मूळ मुद्द्याला धरून: दिसला तरी करणार काय? लघुग्रहाला धडक देऊन ढकलून बघणाऱ्या नासाच्या डार्ट मोहिमेचं कौतुक फार. २६ सप्टेंबर २०२२ला यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळलं, मोठ्या जोडीदाराभोवतीची त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी ३३ मिनिटांनी घटली. पण वेग बदलला सेकंदाला २.७ मिलिमीटर. साधा गुणाकार केला तर १० वर्षांत ८५० किलोमीटर. कक्षेच्या हिशेबाने तिप्पट धरा, तरी पृथ्वी चुकवायला कमीच, तिची त्रिज्या ६,३७१.

घोडबंदरी
डायमॉर्फस १६० मीटरचा. ६० मीटरचा दगड वस्तुमानाने त्याच्या विसाव्या हिश्श्याचा, तेवढ्याच ठोशाने वीसपट हलेल. फुटून तुकडे झाले नाहीत तर.

बेलापूर_जागा
'तर'. आणि आधी तो सापडला 'तर'. त्यासाठी अवरक्तात, म्हणजे दगडाच्या उष्णतेवरून, बघणारी दुर्बीण अवकाशात हवी. जमिनीवरच्या दुर्बिणींना दिवसा सूर्याच्या बाजूचं दिसत नाही. चला, 'पृथ्वी नष्ट' हा शब्दप्रयोग मूर्खपणाचा, एवढं देतो तुम्हाला. 'शहर नष्ट' मात्र सोडत नाही.

घोडबंदरी
ते मी कधी मागितलं होतं? काचेचं पटलं. आमच्या नव्या प्लॅनमध्ये जिन्याला मजल्यापासून छतापर्यंत साधी काच दाखवली आहे, सह्यांआधी लॅमिनेटेड लिहून घ्यायला सांगतो.

पारसिकचा_पाषाण
आणि खाली पाया खणताना जो काळा दगड लागेल, तो कुणाचा तेही लिहून घ्या.