शब्दचर्चा : ‘प्रजननक्षमता’ की ‘जननदर’?

अबोली, पणजी

आरोग्यविषयक एका पुस्तिकेचा इंग्रजीतून अनुवाद करताना मी एका शब्दापाशी अडले आहे. मूळ वाक्यात गोव्याचा फर्टिलिटी रेट १.३ असल्याचे म्हटले आहे. हा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीतला असून २०१५-१६ च्या फेरीत तो १.७ होता. मी लिहिले, ‘गोव्यातील स्त्रियांची प्रजननक्षमता घटली आहे.’ मजकूर छापायला देण्यापूर्वी आम्ही तो डिचोली तालुक्यातील काही अंगणवाडी सेविकांना वाचून दाखवला. त्यांच्यातील एका वयस्क बाईंनी हातातली वही मिटली आणि मला विचारले, “म्हणजे आमच्या मुली वांझ होत चालल्या, असे तुम्ही छापणार?”

मला उत्तर देता आले नाही, कारण माझ्या वाक्याचा तोच अर्थ होत होता. इंग्रजीत मूल होण्याच्या शारीरिक क्षमतेला फिकंडिटी म्हणतात आणि प्रत्यक्षात झालेल्या मुलांच्या प्रमाणाला फर्टिलिटी. मराठीत मात्र वर्तमानपत्रांपासून अहवालांपर्यंत दोन्हींसाठी ‘प्रजननक्षमता’ सर्रास वापरलेली दिसते. आपण कोणता शब्द वापराल?

जुना अनुवादक, फोंडा

त्या बाईंचे म्हणणे बरोबर आहे. येथे ‘क्षमता’ हा शब्द मुळीच नको. ‘जन्मदर’ही चालणार नाही, कारण जन्मदर म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात झालेले जन्म. तो त्या वस्तीत म्हातारी माणसे किती आणि तरुण किती यावरही अवलंबून असतो. आपल्याला हवी असलेली कल्पना वेगळी आहे : एखादी स्त्री वयाच्या १५ व्या वर्षापासून ४९ व्या वर्षापर्यंत आजच्याच प्रमाणाने आई होत गेली, तर तिला सरासरी किती मुले होतील? त्यासाठी ‘एकूण जननदर’ हा शब्द पुरेसा आहे. ‘प्रजननदर’ मी कटाक्षाने टाळतो. ‘प्रजनन’ म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर पशुसंवर्धन खात्याची पत्रके येतात आणि माणसांविषयी लिहिताना गुरांची परिभाषा वापरणे मला पटत नाही.

मांडवीकाठ, पणजी

अनुवादकबुवांनी ‘प्र’ या उपसर्गावर अन्याय केला आहे. ‘प्रजा’ हा शब्द ‘प्र’ आणि ‘जन्’ यांच्यापासूनच झाला असून त्याचा मूळ अर्थ संतती असा आहे. राजाची रयत हा अर्थ पुढचा. तेव्हा ‘प्रजनन’ हा गुरांचा शब्द नव्हे. तो आपण गोठ्यात नेऊन बांधला आणि आता त्याला गोठ्याचा वास येतो अशी तक्रार करीत आहोत.

पोर्तुगीज जाणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. त्या भाषेतील लोकसंख्याशास्त्रात प्रत्यक्ष जन्मांच्या दराला ‘फेकुंदिदादे’ म्हणतात आणि क्षमतेला ‘फेर्तिलिदादे’, म्हणजे इंग्रजीच्या बरोबर उलट. दोन्ही भाषांत धातू तेच, लॅटिनमधून आलेले. मग शब्दाच्या पोटात अमुकच अर्थ दडलेला असतो असे कसे म्हणावे? जाणत्यांनी ठरवले आणि लोकांनी चालवले, म्हणजे अर्थ रुळतो. ‘प्रजननदर’ रुळलेला आहे, तो मोडू नये.

वैजिणीची नात, बार्देश

आपण दोघेही संस्कृतात शिरलात आणि त्या सेविकाबाई दाराबाहेरच राहिल्या. माझी आजी आमच्या गावची वैजीण होती. ‘सुईण’ हा शब्द मला पुढे पुस्तकात भेटला. गावातले कितीतरी पुरुष तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, आणि बाकीचे पुष्कळसे मुंबईला धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत, राहून पोट भरणारे. कोणाचा नवरा कोणत्या महिन्यात रजेवर येऊन गेला हे आजीच्या पक्के लक्षात असे, आणि कोणत्या घरून केव्हा बोलावणे येईल याचा हिशेब ती त्यावरून बांधी. माणूस दोन-दोन वर्षे परतला नाही की त्या घरचा पाळणा लांबे. त्या बाईच्या ‘क्षमते’ला काहीही झालेले नसे. १९०० सालच्या गणनेत गोव्यात दर हजार पुरुषांमागे १०९१ स्त्रिया होत्या, कारण पुरुष पोटापाण्यासाठी बाहेर होते.

आमच्या भागातील आरोग्य केंद्राच्या नर्सबाई ‘पाळणा लांबवणे’ आणि ‘पाळणा थांबवणे’ हे दोन प्रयोग कधीही एकमेकांच्या जागी वापरीत नसत. पहिल्यात मूल पुढे ढकललेले असते आणि दुसऱ्यात नको म्हटलेले. हाच फरक त्या १.३ मध्ये झाकला जातो, असे मला वाटते. तेविसाव्या वर्षी आई होणाऱ्या मुली तिसाव्या वर्षी होऊ लागल्या, तर मधल्या वर्षांत जन्म कमी होतात आणि दर खाली येतो. पुढे त्यांना दोन-दोन मुले झाली तरी त्या वर्षांचा दर खालीच राहतो. आपल्याकडे लग्ने उशिरा होतात, मुली शिकतात, नोकरी करतात आणि एका मुलावर थांबणारेही वाढले आहेत. त्यामुळे पाळणा लांबलाही आहे आणि थांबलाही आहे. अबोलीताईंच्या वाक्यात पाळणा यायला हवा.

जुना अनुवादक, फोंडा

आपली आठवण मोलाची आहे आणि लांबवणे-थांबवणे हा भेद मी यापुढे जरूर वापरीन. परंतु पारिभाषिक शब्दाला सामासिक शब्दांत बसता आले पाहिजे. ‘वयोगटनिहाय जननदर’ लिहिता येतो, ‘वयोगटनिहाय पाळणा’ लिहिता येत नाही. स्पष्टीकरणात पाळणा असू द्यावा, तक्त्यात जननदरच हवा.

निवृत्त शिक्षक, सत्तरी

मला शब्दापेक्षा आकडाच बुचकळ्यात टाकतो. दर १.३ इतका खाली आहे, तर गोवा वाढला कसा? १९६० च्या गणनेत येथे ५,८९,९९७ माणसे होती आणि २०११ मध्ये १४,५८,५४५. आमच्या शाळेच्या पटावर मात्र शेवटच्या वर्षांत एकेका इयत्तेत तीन-चार मुले उरली होती. हजेरी घ्यायला अर्धा मिनिट पुरे, आणि बाके भिंतीला लावून ठेवलेली. आसपासच्या वाड्यांवर कुलपे वाढली आहेत आणि काही घरांत चतुर्थीपुरताच दिवा लागतो. अशा वेळी ‘लोकसंख्या घटली’ असे कोणी म्हणत नाही, ‘वस्ती उठली’ म्हणतात. हा शब्द मला अधिक खरा वाटतो.

मांडवीकाठ, पणजी

मास्तर, आपण विचारलेल्या गोष्टीची दोन कारणे आहेत. पहिले स्थलांतर. १९६० च्या गणनेपासून १९७१ च्या गणनेपर्यंत गोव्याची लोकसंख्या ३४.७७ टक्क्यांनी वाढली, आणि इतकी वाढ केवळ येथल्या बाळंतपणांनी झालेली नाही. नोकऱ्या, खाणी, बांधकामे यांसाठी माणसे बाहेरून आली आणि येत आहेत. दुसरे कारण मागच्या पिढीच्या आकाराचे आहे. मृत्युदर आधी उतरतो आणि जननदर मागाहून. त्या मधल्या काळात जन्मलेली मोठी पिढी स्वतः आईबाप होते तेव्हा घरटी मूल एकच असले तरी एकूण जन्म मृत्यूंपेक्षा अधिक भरतात. वल्ही थांबवली तरी होडी काही अंतर पुढे सरकतेच. यालाच ‘लोकसंख्येचा संवेग’ म्हणतात. २००१ ते २०११ मध्ये वाढ ८.२३ टक्क्यांवर आली, म्हणजे होडीचा वेग मंदावत आहे.

‘वस्ती उठणे’ मात्र निराळे. त्यात माणसे गाव सोडून जातात. जुन्या गोव्याची वस्ती साथींनी पोखरली आणि लोक पणजीकडे सरकले, तेथे हा शब्द शोभतो. मुले कमी जन्मल्यामुळे गाव रिता होतो त्याला ‘ओसरणे’ म्हणावे.

वैजिणीची नात, बार्देश

पाणी ओसरते ते पुन्हा भरते. तीन मुलांच्या वर्गाला तो शब्द लावताना मला धीर होत नाही.

जुना अनुवादक, फोंडा

आणि एका पिढीची जागा पुढची पिढी पुरती भरून काढते त्या २.१ या जननदराच्या पातळीला काय म्हणायचे, हेही ठरवावे लागेल. ‘प्रतिस्थापन’ ऐकले की यंत्राचा सुटा भाग बदलल्यासारखे वाटते. हिशेब साधा आहे : आईची जागा घेणारी एक मुलगी हवी, मुलींपेक्षा मुलगे थोडे अधिक जन्मतात, सुमारे शंभरास एकशे पाच, आणि काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत जगत नाहीत, म्हणून दोनाहून किंचित अधिक. मी ‘भरपाईची पातळी’ सुचवतो.

मांडवीकाठ, पणजी

भरपाई नुकसानाची करतात. मूल जन्माला येणे ही कोणत्या नुकसानाची भरपाई?

अबोली, पणजी

मी तूर्त वाक्य असे केले आहे : ‘आजच्या प्रमाणानुसार गोव्यातील स्त्रीला सरासरी १.३ मुले होतात.’ यात दरही नाही आणि क्षमताही नाही. ‘१.३ मुले’ वाचून त्या बाई पुन्हा वही मिटतील की काय, ते सोमवारी डिचोलीला गेल्यावर कळेल. तक्त्याच्या मथळ्याची जागा मात्र अजून मोकळीच आहे.

निवृत्त शिक्षक, सत्तरी

सोमवारी त्यांना माझा प्रश्नही विचारावा. त्यांच्या अंगणवाडीत यंदा मुले किती आहेत, आणि ती संख्या सांगताना त्या कोणता शब्द वापरतात?