वॉशिंग मशीन माडीवर न्यायचं की परसातच ठेवायचं? अनुभव लिहा

झड लागली की परसातल्या मशीनची आठवण येतेच. पत्र्याखाली ओल, पॅनेलमध्ये ओल. कपडे माडीवर, वाळवणं गच्चीवर, मशीन तेवढं खाली. माडीवरच्या भिंतीतल्या कपाटात न्यायचं तर आधी काय बघायचं? उत्तराच्या वर आपलं गाव लिहा.

अनगोळ
आधी टाकीची उंची मोजा. १० मीटर उंचीच्या पाण्याला साधारण १ बार दाब. गच्चीवरच्या टाकीचा तळ माडीवरच्या नळापेक्षा जेमतेम अडीच मीटर वर, म्हणजे पाव बार. बऱ्याच फ्रंट लोडना (पुढून दार असलेल्या मशीनना) ०.३ ते ०.५ बार तरी लागतो. खाली तीच टाकी पुरते, वर मशीन पाण्याची वाट बघून एरर दाखवतं. टाकी उचला, नाहीतर छोटा प्रेशर पंप बसवा.

वडगाव
अनगोळचे अण्णा म्हणतात ते खरं, पण पंप घ्यायच्या आधी इनलेटची (मशीनमध्ये पाणी शिरतं तिथली) जाळी बघा की. पकडीनं ओढा, जुन्या ब्रशनं धुवा. बोरचं पाणी असेल तर क्षार धरतो.

खानापूर
लाकडी माडी असेल तर नकोच. फ्रंट लोड ६०-७० किलो, वर पाणी आणि ओले कपडे. स्पिनला तुळया थरथरतात. आरसीसी स्लॅब चालतो, पण बीमजवळच्या कोपऱ्यात, मधोमध नको.

शहापूर
ट्रान्सिट बोल्ट (हलवताना ड्रम जखडणारे) लावल्याशिवाय जिना चढवू नका!! ड्रम लोंबकळून सस्पेन्शन जातं. वर बसवल्यावर आठवणीनं काढा.

निपाणी
ड्रेन पाईपचं तोंड जमिनीपासून ६० ते ९० सेंमी वर. खाली सोडला तर सायफन होतं, भरता भरता पाणी निघून जातं. कपाटात नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जायचं तोंड), वॉटरप्रूफिंग आणि ३-४ इंचांचा उंबरा हवाच. पाईप कधीतरी सुटतोच, मग खालच्या खोलीचं छत भिजतं.

टिळकवाडी
खानापूरच्या अक्का, झडीत चादरी कुठं वाळवता?

खानापूर
फॅनखाली पुलीच्या दांड्यांवर. जाड कपड्यांना जादा स्पिन द्या, निम्मं काम तिथंच होतं.

अनगोळ
वायरिंग राहिलंच. १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौ.मिमी वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा). अर्थिंग तपासून घ्या, ओल्या हातानं दार उघडतो आपण. कपाटाला जाळीची दारं करा, बंद दारांत मशीनच्या दाराभोवतीच्या रबरी गॅस्केटला बुरशी धरते. नळाचा कॉक हाताला येईल असा बाहेर काढा, धुणं संपलं की बंद.