कोल्हापूरहून तीन दिवस : कारागिरांची घरे आणि वाटेवरच्या खानावळी

करवीरनिवासी (प्रश्न) :
माझी बहीण आणि मेहुणे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरहून येत आहेत. अंबाबाईचे दर्शन, पन्हाळा आणि रंकाळा त्यांचे पूर्वीच झाले आहे. या वेळी आमच्या गाडीने तीन दिवस फिरून, ज्या घरांत संसार आणि काम एकाच छपराखाली चालते अशी कारागिरांची घरे त्यांना दाखवावीत आणि जेवण वाटेवरच्या गावच्या खानावळींत करावे, असे मनात आहे. गेल्या वर्षी पाहुण्यांना घेऊन मी असाच निघालो होतो. परंतु दुकानांतला तयार माल पाहून आम्ही परतलो आणि चपलेचा तळ कोण शिवतो, वेणी कोण घालते, हे कोणालाच दिसले नाही. त्याची रुखरुख अजून आहे. हुपरी, मिरज आणि सावंतवाडी तीन दिवसांत नीट होतील का? मेहुण्यांना सतारीची फार आवड आहे. बरोबर सत्तरी ओलांडलेली आई असल्यामुळे चढउतार नको.

पंचगंगाकाठ :
तीन दिवसांत तिन्ही ठिकाणांना स्पर्श होईल, पण काम पाहायचे असेल तर एका घरी निदान दोन तास बसावे लागते. चपलेसाठी गाडी काढण्याचीही गरज नाही, कारण शहरातल्याच सुभाषनगर आणि जवाहरनगर भागांत घरोघरी हे काम चालते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, एकही खिळा न ठोकता चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ, मग कान, अंगठा, पट्टा आणि शेवटी गोंडा, असा क्रम तिथे डोळ्यांसमोर उलगडतो. वेणी घालण्याचे आणि शिवणीचे बारीक काम बहुतेक ठिकाणी घरातल्या स्त्रिया करतात, म्हणून त्यांच्याशी बोलण्यासाठी आपल्या बहिणीला आणि आईंना पुढे करावे. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे एकत्र धरले गेले, आणि ते योग्यच झाले, कारण ही कला राज्याची सीमा आखली जाण्याच्या कितीतरी आधीची आहे.

हुपरीत चांदीचे काम घराघरांत वाटलेले असते. एका घरी तार ओढली जाते, दुसरीकडे साखळी जुळवली जाते, तिसरीकडे डाग देणे आणि चौथीकडे झिलई. त्यामुळे एकच पैंजण पाहायला चार उंबरठे ओलांडावे लागतात. ओळखीच्या माणसाशिवाय तिथे जाऊ नये, कारण मौल्यवान माल उघड्यावर मांडलेला असताना अनोळखी पाहुण्यांचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे.

मिरजकर :
मिरजेला पूर्ण दिवस द्यावा, असा माझा आग्रह आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या इथल्या शिकलगार कुटुंबांनी शस्त्रांची मागणी ओसरल्यावर 19व्या शतकात तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि त्यांचे वंशज आजही सतारमेकर गल्लीत त्याच घरांत बसतात. पंढरपूर-मंगळवेढा भागातून आलेले, सतारीच्या तुंब्यासाठीचे भोपळे वाळत टांगलेले पाहून लहान मुलेसुद्धा थबकतात. मेहुण्यांनी मात्र जवारी काढण्याचे, म्हणजे तारेचा नाद जुळवण्याचे काम अवश्य पाहावे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग कानशीने अगदी किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचे आणि पुन्हा घासायचे. त्यात हातापेक्षा कान अधिक राबतो. त्या वेळी बोलू नये, मोबाइलही बंद ठेवावा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी ते काम शिकायला बसणारे तरुण हात मोजकेच आहेत, याची काळजी वाटते.

घाटमाथा :
सावंतवाडी या वेळी सोडून द्यावी, असे मी सुचवेन. आजरा-आंबोलीमार्गे जाऊन राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे कलाकार पाहायचे, दशावतारी संचाची 120 पाने समजून घ्यायची आणि पुढे कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या पाहायच्या, तर त्यासाठी दोन मुक्काम हवेत. पिंगुळीतले संग्रहालय एका कुटुंबाने आपल्या गुरांच्या गोठ्यात उभे केले आहे. तिथून घाईने निघणे बरे दिसत नाही.

त्याऐवजी तिसरा दिवस गुऱ्हाळाला द्यावा. जानेवारीत हंगाम भरात असतो. चुलवाणात, म्हणजे मोठ्या चुलीत, उसाचे चिपाड सारले जात असते, भेंडीच्या चिकाने काहिलीतल्या (मोठ्या कढईतल्या) रसाची मळी वर येते आणि गूळ करणारा गुळव्या पाक पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी चाचपतो. ती खूण पटली की क्षणाचाही उशीर न करता काहील वाफ्यात रिकामी होते. आईंना खुर्चीवर बसून हे सारे पाहता येईल.

खानावळीचा वार मात्र पाहून ठरवावा. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे दिवस, त्या दिवशी आळणी पाण्यावर, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यावर केलेला पांढरा रस्सा ताजा मिळतो. भोगी मध्ये येत असेल तर त्या दिवशी घरीच तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि खेंगट (भोगीची मिसळीची भाजी) करावे.

करवीरनिवासी :
सर्वांचे मनापासून आभार. सावंतवाडी मे महिन्यावर ढकलली आहे. पहिल्या दिवशी सुभाषनगर आणि दुपारनंतर हुपरी, दुसरा दिवस संपूर्ण मिरजेला, तिसरा गुऱ्हाळावर, असे ठरवले. हुपरीला माझ्या वर्गमित्राचे सासर आहे, त्याला आजच फोन करतो. आईने काकवीसाठी रिकामी बरणी धुऊन ठेवली आहे.