शेपवेअर, कॉर्सेट, बस्टिये, कंचुकी: गाऊनच्या आत नेमकं काय?

प्रश्न: बहिणीच्या रिसेप्शनसाठी स्ट्रॅपलेस गाऊन शिवायला टाकलाय. शिवणाऱ्या ताई म्हणतात, आत कॉर्सेट घाला. दुकानात कॉर्सेट मागितलं की शेपवेअर दाखवतात. ऑनलाइन पाहिलं तर तसंच काहीतरी 'बस्टिये' म्हणून विकायला आहे. हे एकाच वस्तूचे शब्द आहेत का? मराठीत 'कंचुकी' म्हटलं तर चालेल?

उत्तर: नाही, वस्तू वेगवेगळ्या आहेत, आणि शब्दांची सरमिसळ झाली की पैसे वाया जातात. शेपवेअर म्हणजे ताणलं जाणारं, अंगाला घट्ट बसणारं कापड. ते पोट-मांड्या आवळतं, वर काही उचलून धरत नाही. ही सोय शक्य झाली ती १९५८ साली ड्यूपाँट कंपनीत तयार झालेल्या स्पँडेक्स धाग्यामुळे. लायक्रा हे त्याच धाग्याचं व्यापारी नाव.

कॉर्सेटचं कापड मात्र सहसा न ताणणारं असतं. त्यात उभ्या ताठ पट्ट्या शिवलेल्या असतात आणि पाठीवरच्या नाड्या ओढून कंबर बारीक करतात. बस्टियेतही पट्ट्या असतात, पण तिचा भर छातीला आधार देण्यावर असतो, कंबर आवळण्यावर नसतो. तुमच्या गाऊनला खांदेच नाहीत, म्हणजे तुम्हाला आवळणारं नको, धरून ठेवणारं हवं. बस्टिये किंवा खांद्यावर पट्टे नसलेली लाँगलाइन (कंबरेकडे लांब उतरणारी) ब्रा मागा.

त्याआधी शिवणाऱ्या ताईंना एक विचारा: गाऊनच्या आतच कप, बोनिंग (म्हणजे त्याच उभ्या ताठ पट्ट्या) आणि कंबरेशी न ताणणारी पट्टी लावता येईल का? स्ट्रॅपलेस गाऊन सारखा वर ओढावा लागतो, कारण त्याचं सगळं वजन छातीवर लटकत असतं. आतली पट्टी कंबरेला हुकने घट्ट बसली की घेराचं वजन कंबर पेलते आणि वरचा भाग जागचा हलत नाही. हे नीट जमलं तर वेगळं काही घालावंही लागत नाही.

'कंचुकी'बद्दल. शब्द मला फार आवडतो, पण इथे बसत नाही. संस्कृतात कंचुक म्हणजे चोळी, चिलखत आणि सापाची कातही, तर संस्कृत नाटकांत कंचुकी हा अंतःपुरावर देखरेख करणारा वृद्ध सेवक. मराठीत कंचुकी म्हणजे चोळीच. चोळी आधार देते ती कापडाच्या बेतण्यातून आणि गाठीतून, पट्ट्यांतून नाही. कॉर्सेटला कॉर्सेटच म्हणावं, शिंपीही तेच म्हणतात.

आणखी एक उत्तर: बोनिंगचं भाषांतर 'हाडं' असं वाचलंय, ते टाळावं. युरोपात पूर्वी या पट्ट्यांसाठी जे 'व्हेलबोन' वापरत, ते हाड नव्हतंच. काही जातींच्या व्हेलच्या जबड्यात दातांऐवजी लवचीक पट्ट्या असतात, आपल्या नखांसारख्याच केराटिनच्या. त्या उभ्या चिरून वापरत. आता प्लास्टिक किंवा पोलाद असतं. पोलादाची सपाट पट्टी पुढे-मागेच वाकते, स्प्रिंगसारखी विणलेली बाजूलाही वाकते. रिसेप्शनला तासन्‌तास उभं राहून वाकून नमस्कार करायचे असतील तर दुसरी बरी. 'ताठ पट्टी' एवढं मराठी पुरेसं आहे.

प्रश्नकर्ती: फार उपयोग झाला. गाऊन हस्तिदंती रंगाचा आहे. आत पांढरंच घ्यायचं ना? आणि माप कसं बघायचं?

उत्तर: पांढरं नको. फिक्या कापडाखाली पांढरं उठून दिसतं, त्वचेच्या रंगाशी जुळणारं दिसत नाही. पण दुकानातल्या 'स्किन' या शब्दावर जाऊ नका. त्या नावाखाली बहुतेक ठिकाणी एकच फिका बदामी रंग मिळतो, जणू सगळ्यांची कातडी तीच! सावळ्या अंगाला तपकिरी किंवा कॉफी रंग मागून घ्या.

माप बघताना मुख्य आधार छातीखालच्या पट्ट्याचा असतो हे लक्षात ठेवा. नवी वस्तू सगळ्यात सैल हुकवरच घट्ट बसायला हवी, कारण वापराने इलॅस्टिक ढिलं पडतं आणि मग आतले हुक कामाला येतात. घालून खुर्चीत बसा, हात डोक्यावर न्या, पोटभर श्वास घ्या. पट्टा पाठीवर वर चढत असेल तर घेर मोठा आहे, काखेत टोचत असेल तर उंची जास्त आहे. आणि ती घेऊनच गाऊनच्या ट्रायलला जा, आत ती घातलेली असतानाच ताईंना मापं घेऊ द्या.