व्यक्तिकेंद्री समुपदेशन शिकतेय, खरेपणा आणि स्वीकार यांचा मेळ कसा घालायचा?

नमस्कार मंडळी,

व्यक्तिकेंद्री समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतेय. या पद्धतीचे जनक, मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडलेल्या, समुपदेशनातून माणसात बदल घडण्यासाठीच्या सहा अटी वाचून झाल्या, पटल्याही. समुपदेशकाचा खरेपणा (आत एक, बाहेर एक नसणं) आणि समोरच्याचा विनाअट स्वीकार या त्यांतल्याच दोन. अडतंय ते सरावात.

आम्ही तिघातिघांचे गट करतो. एक बोलतो, एक ऐकतो, तिसरा निरीक्षण करतो. परवा बोलणारी म्हणाली, "मुलगा उलट बोलला की हात उठतो माझा, आणि त्यात काही वावगं वाटत नाही." माझ्या पोटात गोळा आला. तोंडाने मात्र "राग अनावर होतो तुमचा" एवढंच म्हणाले. तिने लगेच माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विषय बदलला. माझा चेहरा तिने वाचला असणार, असं मला अजूनही वाटतं.

विनाअट स्वीकार म्हणजे त्या कृतीला संमती नव्हे, हे कळतं. पण आतून अस्वस्थ असताना शांत चेहरा ठेवला, तर समुपदेशकाचा खरेपणा कुठे राहिला? आणि अस्वस्थता बोलून दाखवली, तर तिला माझा निवाडाच ऐकू येणार ना?

अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं, अशा वेळी तुम्ही नेमकं काय बोलता? की तिथे काहीच न बोलता ते पर्यवेक्षकांकडे, म्हणजे आपल्या कामावर मार्गदर्शन करणाऱ्या अनुभवी समुपदेशकांकडे, नेता? शिकताना स्वतः समुपदेशन घेतल्याने यात फरक पडला का, तेही लिहा. पुस्तकातल्या व्याख्या नकोत, तुमची प्रत्यक्षातली वाक्यं हवी आहेत.